न्यायालयाच्या दप्तराचेही चावडीवाचन हवे

न्यायदानाच्या कामात संगणक शिरला, याची चर्चा बहुधा दिल्लीच्या किंवा मुंबईच्या न्यायालयांच्या अनुषंगाने होते. सप्टेंबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठापुढील सुनावणीचे थेट प्रक्षेपण सुरू झाले आणि महाराष्ट्रातील सत्तासंघर्षाचा युक्तिवाद लोकांनी घरबसल्या ऐकला, तेव्हा न्यायालय लोकांच्या दारी आले असे पुष्कळांना वाटले. त्यात तथ्य नव्हते असे नाही. परंतु सामान्य माणसाचा न्यायालयाशी संबंध येतो तो घटनापीठाच्या निमित्ताने नव्हे. तो येतो तालुक्याच्या गावी, दिवाणी न्यायालयाच्या व्हरांड्यात. बांधाच्या, वाटपाच्या, वहिवाटीच्या नाही तर पोटगीच्या दाव्यात. यंत्राने वकिली व्यवसायाचे काय केले हे खऱ्या अर्थाने पाहावयाचे असेल, तर ते जुन्नर आणि घोडेगाव येथेच पाहिले पाहिजे.

जुन्नर आणि आंबेगाव हे पुणे जिल्ह्याच्या उत्तरेकडील शेजारी तालुके. पूर्वेच्या अंगाला नारायणगाव, आळेफाटा, मंचर ही बागायतीची आणि बाजारपेठेची गावे. तेथे टोमॅटो, ऊस, द्राक्षे आणि पुणे-नाशिक रस्त्यालगतच्या जमिनींचे चढते भाव. पश्चिमेच्या अंगाला सह्याद्रीच्या कुशीत महादेव कोळी आणि ठाकर समाजाची वस्ती. तेथे भाताची खाचरे, वरकस जमिनी आणि हिरड्याची झाडे. मधोमध कुकडी प्रकल्पाची माणिकडोह, वडज, पिंपळगाव जोगे, येडगाव, डिंभे ही धरणे. आंबेगाव तालुक्याला ज्या गावाचे नाव मिळाले ते जुने आंबेगावच डिंभे धरणाच्या पाण्याखाली गेले. नाव राहिले, आणि कचेरी व न्यायालय घोडेगावला. पाणी आले, रस्ता आला, भाव आला, आणि त्यांच्या पाठोपाठ दावे आले. दोन्ही तालुक्यांतील वकिलांचा चरितार्थ मुख्यत्वे जमिनीवर चालतो असे म्हटल्यास ते वावगे ठरू नये.

जमिनीचा दावा म्हणजे कागदाचा दावा. आजवर तालुक्याच्या वकिलाचे सामर्थ्य त्याच्या कायद्याच्या ज्ञानात जेवढे होते, त्याहून अधिक ते कागद कोठे आहे हे त्याला ठाऊक असण्यात होते. पुढची तारीख कोणती, नक्कल मिळाली की नाही, समन्स बजावले गेले की तसेच परत आले, हे सारे वकिलाच्या कारकुनाच्या डायरीत असे आणि ती डायरी अशिलाला कधी दिसत नसे. आहुप्याहून किंवा घाटघरहून दिवस मोडून आलेल्या माणसाला दुपारी कळावयाचे की आज साहेब रजेवर आहेत. या अज्ञानावर वकील, कारकून, मुद्रांकविक्रेता आणि अर्ज लिहिणारा अशी एक साखळी पोसली गेली. ती सगळीच लबाड होती असे मुळीच नाही. अनेकांनी अडल्यानडलेल्यांची कामे उधारीवर केली. परंतु माहिती ज्याच्या मुठीत असते त्याच्यापुढे दुसऱ्याला हात जोडावे लागतात.

ही मूठ यंत्राने उघडली. न्यायसंस्थेच्या संगणकीकरणाचे राष्ट्रीय धोरण २००५ मध्ये तयार झाले, २००७ मध्ये ई-कोर्ट प्रकल्पाचा पहिला टप्पा मंजूर झाला, २०१५ मध्ये दुसरा आला आणि १३ सप्टेंबर २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने ७,२१० कोटी रुपयांच्या तिसऱ्या टप्प्याला मान्यता दिली. आज प्रत्येक दाव्याला सोळा अक्षरांकांचा एक सीएनआर क्रमांक असतो. तो मोबाईलवर टिपला की मागील तारखेस काय झाले आणि पुढील तारीख कोणती हे विनामूल्य समजते. कारकुनाच्या डायरीची मक्तेदारी संपली. हे चांगलेच झाले, आणि त्याबद्दल कोणा वकिलाने हळहळण्याचे कारण नाही. जो वकील केवळ तारीख सांगण्याचे पैसे घेत होता, त्याचा व्यवसाय गेला. जो सल्ल्याचे पैसे घेत होता, त्याचा राहिला.

कपाटातील ग्रंथालय

दुसरा बदल याहून मोठा आहे. परंतु तो अशिलाला दिसत नाही. नागपूरहून १९१४ पासून निघणाऱ्या ‘ऑल इंडिया रिपोर्टर’चे जाडजूड खंड ही एके काळी वकिलाच्या प्रतिष्ठेची खूण होती. बैठकीच्या खोलीतील भिंतभर कपाटे पाहूनच अशील दबून जाई. ती कपाटे वडिलांकडून मुलाकडे जात आणि त्यांच्याबरोबर व्यवसायही जाई. शेतकऱ्याचा किंवा शिक्षकाचा मुलगा पुण्यात कायद्याची पदवी घेऊन गावी परतला, तर त्याला एखाद्या ज्येष्ठाच्या कपाटापाशी उभे राहण्यासाठीच काही वर्षे उमेदवारी करावी लागे. जानेवारी २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने आपले अधिकृत निकालसंग्रह संगणकावर सर्वांना विनामूल्य खुले केले. खाजगी कंपन्यांच्या निकालसंग्रहांना भारी वर्गणी पडते हे खरे. तथापि नाणेघाटाच्या वाटेवरच्या गावातून आलेल्या, घरात पहिल्यांदाच पदवी मिळविणाऱ्या तरुणाला आज तोच निकाल त्याच दिवशी वाचता येतो, जो मुंबईच्या नामांकित वकिलाला वाचता येतो. गेल्या शंभर वर्षांत तालुक्याच्या वकिलीत इतकी समता दुसऱ्या कोणत्याही गोष्टीने आणली नसेल.

अंतराचाही प्रश्न आहे. साक्षीदार प्रत्यक्ष न्यायालयात उभा नसला तरी दूरदृश्य यंत्रणेद्वारे त्याची साक्ष नोंदविता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने २००३ मध्येच ठरविले, आणि तेही महाराष्ट्र शासन विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई या मुंबईच्या खटल्यात. साक्ष द्यावयाचे होते न्यूयॉर्कच्या एका डॉक्टरांना. हा निर्णय पुढे सतरा वर्षे तसा शोभेलाच राहिला, कारण गरज वाटली नव्हती. २०२० च्या टाळेबंदीने ती वाटविली. जुन्नरच्या माणसाला तिचे मोल आता अधिक आहे. १८ ऑगस्ट २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाचे फिरते खंडपीठ कोल्हापुरात सुरू झाले. सहा जिल्ह्यांची सोय झाली. त्यांत पुणे जिल्हा नाही. म्हणजे घोडेगावच्या पक्षकाराचे अपील वर गेले की त्याची मुंबई काही सुटत नाही. ज्येष्ठ वकिलाची फी, प्रवास आणि मुक्काम यांच्या भीतीने किती जणांनी खालचा निकाल मुकाट्याने मान्य केला असेल, याचा हिशेब कोणत्याही दप्तरात नसतो. तालुक्याच्या वकिलाला आपल्याच गावातून उच्च न्यायालयापुढे बोलता आले, तर हा हिशेब बदलेल.

बिनचूक दिसणारी चूक

येथपर्यंत यंत्राच्या बाजूने बोलावे तितके थोडे. परंतु जुन्नर-आंबेगावच्या शेतकऱ्याला संगणकाचा पहिला अनुभव न्यायालयात आलेला नाही. तो त्याला सातबाऱ्यात आला आहे, आणि त्या अनुभवातून न्यायालयांनी व वकिलांनी पुष्कळ शिकण्यासारखे आहे.

हस्तलिखित सातबारा संगणकावर चढविताना नावे गळली, क्षेत्राचे दशांश चिन्ह सरकले, इतर हक्कातील कुळाचे नाव नाहीसे झाले, सामाईक खात्यातील बहिणींची नावे राहून गेली. महाराष्ट्रात सर्वत्र हे घडले. हस्तलिखितात चूक झाली तर खाडाखोड दिसे, शाई वेगळी दिसे, संशयाला जागा राही. छापील उताऱ्यातील चूक मात्र इतकी नीटनेटकी असते की तीच खरी वाटते. लेखनप्रमाद दुरुस्त करण्यासाठी जमीन महसूल संहितेत कलम १५५ आहे. त्या कलमाखालील अर्जांनी, आणि त्या कलमाच्या आडून झालेल्या भलत्याच फेरफारांनी, वकिलांना नवे काम मिळवून दिले. यंत्र आले की वकील बेकार होतील, हे भाकीत निदान महसूल दप्तराने तरी खोटे ठरविले आहे.

त्या वेळी शासनाने एक शहाणपणाची गोष्ट केली. संगणकावरील सातबारा अंतिम करण्यापूर्वी गावोगाव चावडीवाचन घेतले. तलाठ्याने उतारा मोठ्याने वाचावयाचा, खातेदारांनी ऐकावयाचे, चुकले असेल तर तेथल्या तेथे सांगावयाचे. काही गावांत ते मनापासून झाले, काही गावांत कागदोपत्रीच उरकले. तरीही कल्पना अव्वल होती. दप्तर यंत्रात जाण्यापूर्वी ज्याचे दप्तर आहे त्याच्या कानावर ते गेले पाहिजे, हे तीत मान्य करण्यात आले होते.

या परिसराला ही कल्पना नवी नाही. जुन्नरच्या डोंगरांतील लेण्यांवर सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी जे लेख कोरले गेले, त्यांत जमिनीची दाने आहेत, किती निवर्तने दिली त्याचा आकडा आहे, आणि ते उत्पन्न ज्यांच्याकडे सोपविले त्या बांबूकाम करणाऱ्यांच्या व कासारांच्या श्रेणींची नावे आहेत. आजच्या भाषेत ते नोंदणीकृत दस्तच होत. नाणेघाटातील सातवाहनांच्या लेखात तर भारतातील अंकलेखनाचे अतिशय जुने नमुने आहेत. अंकांचे युग या तालुक्याला कोणी नव्याने शिकवावे अशी स्थिती नाही. फरक एवढाच, की तो दस्त येणाऱ्या-जाणाऱ्याच्या डोळ्यांसमोर होता. तो पाहण्यासाठी पासवर्ड लागत नव्हता.

न्यायालयाच्या नव्या दप्तराला मात्र तो लागतो. दावा दाखल करताना मोबाईल क्रमांक नोंदविला जातो आणि तारखेचा संदेश त्या क्रमांकावर जातो. तो क्रमांक कोणाचा? पक्षकाराचा असेल तर मूठ खरोखर उघडली. वकिलाचा, कारकुनाचा किंवा बाजारपेठेतील संगणक केंद्र चालविणाऱ्या पोराचा असेल, तर मूठ उघडून पुन्हा मिटली, एवढेच. जुना मुद्रांकविक्रेता निदान परवानाधारक होता आणि त्याच्या नोंदवहीची तपासणी होई. आज सातबारा काढून देणारा, अर्ज ‘ऑनलाईन’ भरणारा, ओटीपी विचारून घेणारा जो नवा मध्यस्थ उभा राहिला आहे, त्याच्या हातात माणसाचे आधार, जमीन आणि दावा हे तिन्ही असतात आणि त्याला कोणी काही विचारीत नाही.

ई-फायलिंगची सक्ती होऊ लागली तेव्हा राज्यातील अनेक वकील संघांनी विरोध केला. त्या विरोधाची टिंगल झाली. वकील मंडळी बदलाला भ्यालेली आहेत, असे म्हटले गेले. त्यात काही जण भ्यालेले असतीलही. परंतु वीज जाते, इंटरनेट तुटते, स्कॅनर बंद पडतो, आणि मुदतीचा कायदा या कोणासाठी थांबत नाही, ही तक्रार भित्र्यांची नव्हे. शेवटच्या दिवशी फाईल चढली नाही म्हणून हक्क बुडाला, तर तो वकिलाचा बुडत नाही, अशिलाचा बुडतो. सर्वोच्च न्यायालयाला ही बाजू समजलेली आहे. पोलिसांनी आरोपीला हजर राहण्याची नोटीस केवळ व्हॉट्सॲपवर पाठवून चालणार नाही, असे त्याने जानेवारी २०२५ मध्ये बजाविले. ज्या नोटिशीचे उत्तर न दिल्यास माणसाला अटक होऊ शकते, ती नोटीस त्याच्या हातात पडली पाहिजे. हेही एका अर्थाने चावडीवाचनच.

पुराव्याच्या बाबतीत अडचण आणखी बारीक आहे. १ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष अधिनियम अंमलात आला. त्याच्या कलम ६३ प्रमाणे मोबाईलमधील संभाषण, सीसीटीव्हीचे चित्रण किंवा छायाचित्र पुराव्यात द्यावयाचे तर सोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. त्याचा एक भाग पुरावा देणाऱ्याने भरावयाचा आणि दुसरा तज्ज्ञाने. प्रमाणपत्राचे महत्त्व किती, हे जालन्याच्या निवडणूक खटल्याने दाखविले आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत अर्जुन खोतकर २९६ मतांनी निवडून आले. त्यांचा उमेदवारी अर्ज मुदतीनंतर दाखल झाला असा आक्षेप कैलास गोरंट्याल यांनी घेतला. त्याचे चित्रण निवडणूक कार्यालयानेच केलेले होते. चित्रण होते, प्रमाणपत्र मात्र अधिकारी देईनात. प्रमाणपत्र आवश्यकच आहे, परंतु मागूनही ते मिळत नसेल तर मागणाऱ्याला त्याची शिक्षा नको, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी दिला. तोवर त्या विधानसभेची मुदत संपून गेली होती.

आमदारकीच्या खटल्यात जेथे सहा वर्षे लागली, तेथे बांधावरच्या मारामारीचे चित्रण घेऊन आलेल्या शेतकऱ्याने काय करावे? फोन जपून कसा ठेवावा, मूळ चित्रण पुसू का नये, दुसऱ्याच्या फोनवर धाडलेली प्रत आणि मूळ यांत फरक काय, हे त्याला घटना घडली त्याच दिवशी कोणीतरी सांगावयास हवे. ते यंत्र सांगणार नाही. पोलीस पाटील सांगेल न सांगेल. ते वकिलाचे काम आहे, आणि त्यासाठी वकिलाने स्वतः ते शिकले पाहिजे. साठीला आलेल्या वकिलाला हे जमणार नाही असे मानणाऱ्यांनी, त्यांच्यापैकी कित्येकांनी एके काळी मोडीतील जुने कागद हौसेने वाचावयास शिकून घेतले होते, हे विसरू नये.

आता या सगळ्यांवर कृत्रिम बुद्धिमत्तेचा कळस चढला आहे. न्यूयॉर्कच्या एका न्यायालयात जून २०२३ मध्ये दोन वकिलांना व त्यांच्या संस्थेला पाच हजार डॉलरचा दंड झाला. यंत्राने रचलेले, अस्तित्वातच नसलेले निकाल त्यांनी आधार म्हणून सादर केले होते. ते दूरचे वाटत असेल तर ऑक्टोबर २०२५ मधील मुंबई उच्च न्यायालयाचा निर्णय पाहावा. तेथे तर प्राप्तिकर खात्याच्या आदेशातच असे न झालेले निकाल उद्धृत केलेले निघाले आणि तो आदेश रद्द झाला. केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये जिल्हा न्यायालयांसाठी नियम करून, निर्णयाचे काम यंत्रावर सोपविता येणार नाही असे स्पष्ट केले. तालुक्याच्या तरुण वकिलाला हा मोह अधिक आहे, कारण त्याचे इंग्रजी बेताचे असते आणि यंत्राचे इंग्रजी झोकदार असते. झोकदार इंग्रजीपुढे मान तुकविण्याची जुनी सवय येथे घात करील.

भाषेचा मुद्दा येथेच येतो. महाराष्ट्रातील जिल्हा व तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे, हे १९९८ च्या अधिसूचनेने ठरलेले आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ पासून ‘सुवास’ नावाची भाषांतरप्रणाली वापरात आणली आणि निकाल मराठीतही येऊ लागले; त्यांतील मराठी अद्याप पुष्कळदा वकिलालाही दोनदा वाचावी लागते. साक्ष ऐकून आपोआप टिपणारी यंत्रे आता येऊ लागली आहेत. ती आहुप्याच्या साक्षीदारासमोर ठेवताना सावध राहिले पाहिजे. ‘वरकस’ आणि ‘वारस’, ‘खाचर’ आणि ‘खातं’ यांतला घोळ यंत्राला किरकोळ वाटेल. दाव्यात त्यावर जमीन जाते. साक्ष टिपून झाल्यावर ती साक्षीदाराला वाचून दाखवावी, हा नियम फार जुना आहे. घाईच्या न्यायालयात तो पुष्कळदा सहीपुरता उरला. यंत्र आल्यावर वेळ वाचणार असेल, तर त्यातला थोडा या वाचनाला द्यावा.

हे कोणी करावे, याची यंत्रणा शोधावयास नको. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याने तालुका विधी सेवा समित्या आहेत आणि त्याच कायद्याने अनुसूचित जमातीच्या व्यक्तीला, तसेच स्त्रियांना, उत्पन्नाची अट न घालता मोफत वकील मिळतो. ई-कोर्ट प्रकल्पात ई-सेवा केंद्रांची तरतूद आहे. ही दोन्ही एकत्र जोडून, न्यायालयाच्या आवारातच नव्हे तर आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी पश्चिम भागातील मोठ्या गावांत एक तरुण वकील बसविला, त्याने येणाऱ्याचा सीएनआर क्रमांक काढून मागच्या तारखेचा हुकूम मराठीत मोठ्याने वाचून दाखविला, नोंदलेला मोबाईल क्रमांक पक्षकाराचाच आहे की नाही हे तपासले आणि या कामाचे त्याला वेळेवर मानधन मिळाले, तर कनिष्ठ वकिलांची उपासमार आणि अशिलांचे अज्ञान या दोहोंवर एकच उपाय होईल. सात हजार कोटींच्या योजनेत याला लागणारी रक्कम कोणाच्या नजरेतही भरणार नाही.

त्या योजनेतील सुमारे २,०३८ कोटी रुपये जुन्या दाव्यांची कागदपत्रे स्कॅन करून जतन करण्यासाठी आहेत. हे काम निकडीचे आहे. ३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातील माळीण गावावर डोंगर कोसळला, दीडशेहून अधिक माणसे गेली, आणि घरांबरोबर घरांतल्या पेट्याही गेल्या. कागदाची एक प्रत दूर कोठे तरी सुरक्षित असणे म्हणजे काय, हे या तालुक्याला सांगावे लागत नाही. परंतु जुन्नरसारख्या पुराण्या कसब्याच्या गावी इनामाचे, वाटपाचे, गहाणाचे जुने कागद मोडीत आहेत. स्कॅन केलेला मोडी कागद न वाचणाऱ्याला पूर्वीइतकाच मुका. दस्ताची प्रतिमा चढविताना तिच्याखाली बाळबोध वाचन जोडले नाही, तर तो कागद सुरक्षित राहील आणि कोणाच्याही उपयोगी पडणार नाही. मोडी वाचणारी माणसे दोन्ही तालुक्यांत आता थोडी उरली आहेत, आणि त्यांतील बहुतेक वृद्ध आहेत. स्कॅनर उद्याही मिळतील.